छंदाची थकबाकी

“आवडीचं काम आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही, तरी हात लावावासा वाटत नाही. मी आळशी झालेय का?” चित्रं काढणारे, लिहिणारे, विणकाम करणारे, नेमाने काही ना काही लोकांसमोर मांडणारे बरेच जण हा प्रश्न घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला येतात. त्यालाच जोडून दुसरा असतो: “थांबले तर लोक विसरतील ना?” खालचं उदाहरण ओळख पटणार नाही इतपत बदललं आहे.

बँकेत नोकरी, वय चाळिशीच्या आसपास, मुलगी दहावीत. जलरंगातली शुभेच्छापत्रं हा या बाईंचा जुना छंद. दोन वर्षांपासून आठवड्याला तीन नवी पत्रं रंगवायची, टप्प्याटप्प्याचे फोटो काढायचे आणि कृती लिहून शिकू पाहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवायची, असा नेम. पहिल्या भेटीला त्या वहीच घेऊन आल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे रकाने, त्यात विषय: कमळ, गुलमोहर, जुना वाडा. मार्चपासून मात्र जवळपास प्रत्येक विषयातून लाल बाण निघून पुढच्या रकान्यात शिरलेला. मे महिन्याच्या पानावर तर बाणांच्या गर्दीत विषयच वाचता येईना. “मॅडम, आठ दिवस सुट्टीसुद्धा घेतली. परत बसले तर आणखीच नको झालं.”

अशा वेळी छंदाकडे वळण्याआधी एक गोष्ट बघावीच लागते. नकोसं फक्त चित्र झालंय की सगळंच? जेवण, गप्पा, मुलीबरोबर बाहेर जाणं यातही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो नैराश्याचा प्रश्न असू शकतो आणि तिथे वेळापत्रक बदलून भागत नाही. त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी वापरतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ डॉक्टरांना विचारून तपासून घेणं बरं, कारण नुसत्या रक्तक्षयानेही माणूस असाच गळून जातो. जगणंच नको वाटत असेल तर भेटीची वाट न बघता टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

या बाईंचं तसं नव्हतं. मैत्रिणींबरोबर त्या खळखळून हसत होत्या. रंगांची पेटी दिसली की मात्र छातीवर दडपण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने गळून जाण्याची, तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. ती व्याख्या नोकरीच्या कामापुरती आहे, आजार म्हणूनही तिची गणना नाही. पण तारखा बांधून घेतलेला छंद अंगावर नोकरीसारखाच येतो.

दोन आठवडे त्यांना काहीही बदलायला सांगितलं नाही. फक्त घड्याळ लावून नोंद करायची. एका पत्राला दीड तास लागतो असा त्यांचा अंदाज होता. नोंद निघाली अशी: विषय शोधणं आणि कच्चं रेखाटन ४५ मिनिटं, रंगवणं ५०, पहिला हात वाळण्याची वाट २५, मांडणी करून फोटो ३५, कृती लिहिणं ३०, लोकांना उत्तरं २५. एकूण साडेतीन तास. तीन पत्रांचे साडेदहा. नोकरी, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास वजा जाता मोकळा वेळ होता आठवड्याला पाच तास. उरलेले साडेपाच तास झोपेतून जात होते. शिवाय ज्यासाठी हा छंद धरला ते रंगवणं साडेतीन तासांत जेमतेम पाऊण तासाच्या वर. बाकी सगळी उस्तवार.

सुट्टीने का भागलं नाही, तेही यातच आहे. आठ दिवसांत बुडालेली तीन पत्रं त्यांनी मनात थकबाकी म्हणून धरली आणि परतल्यावर एका आठवड्यात सहा करायला बसल्या. घाईत कागद ओला असतानाच कडेची मास्किंग टेप ओढली, कागदाचा पापुद्रा निघाला, पत्र फुकट. मग ‘मला आता जमतच नाही’ हा निष्कर्ष. म्हणून पहिला नियम: बुडालं ते बुडालं, भरून काढायचं नाही.

दुसरा, वेग सर्वांत वाईट आठवड्यावरून ठरवायचा. बहुतेकांचा नेम एखाद्या उत्साहाच्या महिन्यात ठरतो आणि मग तोच वर्षभर मानेवर बसतो. बँकेतला मार्चअखेर आणि मुलीची परीक्षा एकत्र आली तरी जमेल असं किती? “एक... तेही कसंबसं.” मग एकच. गटाला एका ओळीत कळवलं: पुढचे चार आठवडे विश्रांती, अमुक तारखेपासून दर रविवारी एक. परतीची तारीख सांगितली की लोकही थांबतात आणि आपल्यालाही रोज अपराधी वाटत नाही.

पहिले दोन आठवडे ब्रशला हात लावायचा नव्हता. पुढच्या दोन आठवड्यांत चार पत्रं फोटो आणि कृतीसह तयार करून बाजूला ठेवली. ही शिल्लक दोनवर आली की नवीन काही कबूल करायचं नाही. कामंही वेगळी केली: एका रात्री फक्त रेखाटनं, दुसऱ्या रात्री दोन पत्रांचे रंग, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर हात फिरतो. फोटो रविवारी सकाळी खिडकीशी, समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करून, सगळे एकदम. उत्तरं दिवसातून एकदाच.

उरलेला दीड तास एका वहीसाठी, जी कुणालाही दाखवायची नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. “मग काढायचं कशाला?” १९७३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळी ती मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढताना दिसली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. दाद वाईट नसते, दादेसाठी काढायची सवय आवड खाते. पहिल्या आठवड्यात त्यांच्या वहीत फक्त रंगांचे ठिपके होते. तिसऱ्यात स्वयंपाकघरातली किसणी आली, चांगली वाकडीतिकडी.

दिवाळीला तीन आठवडे असताना एका सहकाऱ्याने चाळीस पत्रं मागितली आणि त्या हो म्हणाल्या. असं घडतंच, थोडं बरं वाटलं की जुना वेग खुणावतो. हिशेब मांडला: नुसतं रंगवणं धरलं तरी ५० मिनिटांप्रमाणे तेहतीस तासांच्या वर, हातात पंधरा. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून एकाच नक्षीची बारा देईन म्हणून सांगितलं. सहकाऱ्याने बारा घेतली, बाकी विकत आणली. त्या तीन रविवारी गटाला शिल्लक पत्रं गेली.

तीन महिने असा हलका वेग ठेवूनही ती न दाखवायची वही कोरीच राहिली, तर मात्र माध्यम बदलावं किंवा खुशाल थांबावं, असं आम्ही सुचवतो. या बाईंवर ती वेळ आली नाही. सध्या त्या महिन्याला तीनच पत्रं पाठवतात, चौथा रविवार त्यांनी आपणहून मोकळा केला.