टपोरे दाणे निवडूनही हरभऱ्याचा उतारा का वाढत नाही?

प्रश्न : विजय वाणाच्या हरभऱ्याचे घरचे बियाणे मी सहा वर्षांपासून ठेवतो. रास झाली की चाळणी लावून टपोरे दाणेच पेरणीसाठी काढतो. तरीही दाणा मोठा झाला नाही आणि एकरी उताराही तेवढाच आहे. माझे कुठे चुकते?
— एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : हरभऱ्यात कळी उमलण्यापूर्वीच आतल्या आत परागीभवन होते, त्यामुळे एका वाणाची झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखीच राहतात. आपल्या राशीतील टपोऱ्या आणि बारीक दाण्यांमधला फरक बहुतांशी ओलीचा, जमिनीचा आणि घाट्यातील दाटीचा असतो. एका घाट्यात दोन दाणे भरले, तर ते एकदाणी घाट्यातल्या दाण्याहून सहसा लहान राहतात. असा फरक पुढच्या पिढीत उतरत नाही.

डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवून दिले. त्यांनी एकेका दाण्यापासून १९ शुद्ध वंश वाढवले. वंशावंशांत दाण्याचे सरासरी वजन सुमारे ३५ ते ६४ सेंटिग्रॅम इतके वेगळे होते. मात्र एकाच वंशातला मोठा दाणा पेरला काय किंवा लहान पेरला काय, संततीची सरासरी जवळपास तीच आली. आपणही दोन ओळी शेजारी पेरून हे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

वाणावाणांत मात्र दाण्याचे वजन चांगलेच आनुवंशिक असते. विजयप्रमाणेच राहुरी कृषी विद्यापीठाच्या विशाल वाणाचा दाणा विजयपेक्षा टपोरा असतो, तो याचमुळे. उताऱ्याचे गणित याहून अवघड आहे, कारण तो झाडावरील घाटे, घाट्यातील दाणे आणि दाण्याचे वजन या तिन्हींवर ठरतो. त्यात घाट्यांची संख्या ओल व पेरणीच्या अंतराने फार बदलते, आणि दाणा मोठा होत गेला की घाटे अनेकदा कमी होतात. म्हणून नुसते दाण्याकडे पाहून निवड करणे अपुरे ठरते.

चाळणी बंद करू नका. सुरकुतलेले, फुटके दाणे निघून गेल्याने उगवण सुधारते. निवडच करायची असेल, तर दोन वाणांच्या संकरातून आलेल्या, झाडाझाडांत फरक दिसणाऱ्या पिकात करा. उभ्या पिकात मर रोग न लागलेली, भरपूर घाट्यांची झाडे खुणेने बांधा आणि प्रत्येकाचे बी पुढच्या रब्बीत स्वतंत्र ओळीत पेरा. एका झाडाची सुबत्ता कडेच्या मोकळ्या जागेमुळेही असू शकते. ती वंशातली आहे की नाही, हे त्याची ओळच सांगेल.