रोबोटनं ऑपरेशन झालं, तरी लघवी का गळते?

प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरसाठी रोबोटिक शस्त्रक्रिया झालेले 64 वर्षांचे निवृत्त शिक्षक पत्नीसह आले. कॅथेटर (लघवीची नळी) काढून तीन आठवडे झाले होते, रोज पाच पॅड लागत होते. "एवढा खर्च करून रोबोट घेतला, तरी गळतंयच. डॉक्टरांकडून काही चुकलं का?"

चूक झाली असेलच असं नाही. पुरुषाची लघवी दोन ठिकाणी धरली जाते : मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटच्या खालच्या बाजूला. प्रोस्टेट काढल्यावर मूत्राशय थेट मूत्रमार्गाला शिवतात. वरची पकड बरीचशी जाते आणि सगळा भार खालच्या स्नायूवर येतो. रोबोटचे हात डॉक्टरच कन्सोलवर (नियंत्रणाच्या यंत्रापाशी) बसून हलवतात. मोठं, त्रिमितीय दृश्य आणि मनगटासारखी वळणारी अवजारं असल्यानं नाजूक नसा जपायला मदत होते, पण वरची पकड रोबोटही परत आणू शकत नाही. पोटावरची जेमतेम 8 मिलिमीटरची छिद्रं लवकर भरतात, म्हणून आतलंही सगळं बरं झालं असं घरच्यांना वाटतं.

त्यांचा पॅड रात्री कोरडा राहायचा, सकाळी थोडा ओला, दुपारनंतर चिंब. हे लक्षण खरं तर चांगलं आहे. स्नायू काम करतोय, फक्त दिवसभरात थकतोय.

गळती वाढेल म्हणून त्यांनी पाणी जवळपास बंद केलं होतं. त्यानं लघवी गडद होते, मूत्राशय चिडतं आणि घाई उलट वाढते. कमी करायचाच तर चहा कमी करा.

व्यायाम करून दाखवा म्हटल्यावर त्यांनी श्वास रोखला, पोट ताणलं, मांड्या आवळल्या. यानं मूत्राशयावर दाब येतो आणि जास्तच गळतं. गॅस अडवताना आवळतो तो स्नायू आत ओढायचा. लिंगाचं मूळ किंचित आत जातं, अंडकोष जरा वर येतात; श्वास चालू, पोट सैल. 5 सेकंद धरा, मग 5 सेकंद पूर्ण सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं 10 सेकंदांपर्यंत न्या. लघवीची धार मध्येच तोडून सराव करू नका, आणि कॅथेटर आत असताना हा व्यायाम नकोच. खुर्चीतून उठताना, खोकताना, बादली उचलताना आधी आवळा, मग हालचाल करा.

"आणि मी काय करू?" बाईंनी विचारलं. पॅड किती लागले ते मोजण्याऐवजी पॅडचं वजन करा, असं सांगितलं. कुणी दोन थेंबांवर पॅड बदलतं, कुणी भिजेपर्यंत ठेवतं, त्यामुळे आकडा फसवतो. ओल्या पॅडच्या वजनातून कोरड्याचं वजा करा. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. आठवड्यातून एक दिवस नोंद पुरे.

बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत बराच फरक पडतो, काहींना वर्ष लागतं. त्यानंतरही त्रास राहिला तर स्लिंग (मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी) किंवा कृत्रिम स्फिंक्टर (लघवी धरणारी झडप) बसवता येतो. मात्र धार बारीक होत चालली, जोर करावा लागतोय, तर मूत्राशय शिवलेल्या जोडाशी मार्ग आक्रसत असू शकतो. पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. थंडी-ताप आला किंवा लघवी पूर्ण अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.