कासवाच्या पाठीवरचा बार्नॅकल ‘परजीवी’ आहे का?

प्रश्न असा आहे की समुद्री कासवांवर मराठीत लिहिताना त्यांच्या पाठीवर चिकटून राहणाऱ्या जीवांना, म्हणजे बार्नॅकल या छोट्या कवचवाल्या समुद्री जीवासारख्या एपिबायॉन्टना, ‘परजीवी’ म्हटलं तर चालेल का, की ‘बांडगूळ’ म्हणावं, ते सगळ्यांना पटकन कळतं.

माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही नको.

‘परजीवी’मधला ‘जीवी’ बघा. श्रमजीवी म्हणजे श्रमावर पोट भरणारा, बुद्धिजीवी म्हणजे बुद्धीवर, तसा परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर पोट भरणारा. आता बार्नॅकल काय करतो, तर अगदी लहान असताना पाण्यात तरंगत तरंगत जागा शोधतो, मिळाली की डोक्याकडची बाजू तिथे कायमची चिकटवून टाकतो, भोवती चुन्याचं कवच बांधतो आणि मग आयुष्यभर पिसासारखे पाय बाहेर काढून पाण्यातले बारीक कण आत ओढत राहतो. कासवाचं रक्त नाही, मांस नाही, काहीच खात नाही तो, त्याला फक्त टेकायला कडक जागा हवी असते आणि कासव पोहतं त्यामुळे सतत नवं पाणी मिळतं. फार बार्नॅकल झाले तर कासवाला ओझं होतं, पोहायला जड जातं हे खरं, पण ओझं होणं वेगळं आणि पोसून घेणं वेगळं.

बांडगुळाचंही तेच. आंब्यावरचं बांडगूळ हिरवं असतं, स्वतःचं अन्न स्वतः करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीत मुळं घुसवून ओढतं. सह्याद्रीत झाडांवर आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलते तिलाही बरेच जण बांडगूळच म्हणतात आणि ते मला फार खटकतं, कारण ती झाडातून काहीच घेत नाही, नुसती सालीवर बसलेली असते. कासवावरचा बार्नॅकल हा या आमरीचा भाऊ समजा.

गंमत म्हणजे बार्नॅकलच्याच गोतावळ्यात सॅक्युलिना नावाचा जीव आहे, तो खेकड्याच्या शरीरात मुळांसारखे धागे पसरवतो, त्याच्यातूनच अन्न घेतो आणि खेकड्याची प्रजननशक्तीच संपवतो. त्याला परजीवी म्हणा, खुशाल म्हणा. रोहू-कटल्याच्या तळ्यात माशांच्या अंगाला आर्ग्युलस लागतो, म्हणजे माशाची ऊ, तोही अंगरस शोषतो म्हणून परजीवी. म्हणजे कोण कुठल्या कुळातला आहे किंवा कुठे चिकटलाय यावरून नाही, तर जेवतो कुणाचं यावरून हा शब्द ठरतो.

मग म्हणायचं काय? मी ‘अपिजीव’ सुचवेन. आमरीसारख्या वनस्पतींना मराठी विश्वकोशात ‘अपिवनस्पति’ म्हटलंय, त्याच वळणाचा शब्द होईल. आता कुणी म्हणेल की अपि म्हणजे ‘सुद्धा’ ना, तथापि, कदापि, अद्यापि यातला, तो इथे कशाला. पण संस्कृतात अपि हा उपसर्ग ‘वर, लगत’ अशा अर्थानेही येतो, अपिधान म्हणजे झाकण, त्यातला अ गळून पिधान झालं आणि चंद्राने रोहिणीला झाकलं की आपण आजही रोहिणीचं पिधान म्हणतोच की. शिवाय ‘एपिबायॉन्ट’मधला ग्रीक एपि आणि आपला अपि एकाच मुळातले मानले जातात, त्यामुळे हा शब्द ओढूनताणून आणलेला अजिबात नाही. हिंदीत अधिपादप म्हणतात त्यावरून ‘अधिजीव’ही होईल, वाईट नाही, पण मला त्यात अधिपती, अधिकारी असा वरचढपणा ऐकू येतो. शेवट मात्र ‘जीव’ ठेवा, ‘जीवी’ नको, नाहीतर परत पोटापाण्याचा अर्थ चिकटतो. ‘उपजीवी’ तर त्याच कारणाने बाद, त्यात सरळ उपजीविकाच आहे.

आणि ज्याच्या अंगावर हे बसतात त्याला ‘पोशिंदा’ लिहू नका, हा शब्द परजीवींच्या संदर्भात सर्रास येतो पण इथे कासव कुणाला पोसत नाहीये, ‘आधारजीव’ म्हणा. खारफुटीच्या मुळांवर कालवं बसतात तिथे खारफुटी आधार झाली, इतकं सोपं आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही बरं. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या अगदी बारीक जिवांच्या अंगावर चिकटून राहतात. एकटा जंतू कापडातून सहज निसटेल, पण ज्याच्यावर तो बसलाय तो कोपेपॉड अडकतो, म्हणून बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या गावांमध्ये जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळायला लावलं आणि पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, २००३ साली ते प्रसिद्ध झालं. कोण कुणाच्या अंगावर राहतो हे नीट कळलं म्हणून साडी कामाला आली.

लहान मुलांसाठी लिहीत असाल तर ‘बिऱ्हाडकरू’ म्हणा, मला तो फार आवडतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ते स्वतःच्या पिल्लांचं, कासवाच्या पाठीवर दुसऱ्याचं. आणि मोठ्यांसाठीच्या मजकुरात वाक्य असं करा: ‘वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर कधी कधी बार्नॅकलसारखे अपिजीव दिसतात, ते कासवाच्या आधाराने राहतात पण अन्न पाण्यातून गाळून घेतात.’