वेबसाइट दिसायला छान आहे, तरी लोक अडखळतात. असं का होतं?

कारण ‘वापरायला सोपी’ हा वेबसाइटचा स्वतःचा गुण नाहीच. तो वापरणाऱ्यावर ठरतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ९२४१-११ या मानकातही हेच आहे: ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, आपलं काम कितपत पूर्ण, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने करता येतं, ती सुलभता.

छान दिसण्याने फसगत होते, हेही खरं. १९९५ मध्ये कुरोसु आणि काशिमुरा या जपानी संशोधकांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या. जी मांडणी देखणी, ती लोकांना सोपीही वाटली. प्रत्यक्षात ती सोपी असो वा नसो. पण सोपं वाटणं वेगळं आणि काम प्रत्यक्षात होणं वेगळं.

मी एकदा एका काकूंच्या शेजारी बसून त्यांना फॉर्म भरताना पाहिलं. ‘पुढे जा’ हे बटण फिकट राखाडी होतं. राखाडी म्हणजे बंद, असं इतर साइट्सनी शिकवलेलं, त्यामुळे काकू त्याला हातच लावेनात. पुन्हा वर जाऊन प्रत्येक रकाना तपासत बसल्या, आणि वर ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणाल्या. फार वाईट वाटलं. चूक त्यांची मुळीच नव्हती.

म्हणून रंग बदलण्याआधी चार-पाच खऱ्या वापरकर्त्यांना खरं काम द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. ‘आवडली का?’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. बोट कुठे थबकतं ते टिपा.