शेजारच्याला थंड, मला मात्र उकडते

प्रश्न : माझे वय 47 वर्षे आहे. गेल्या सहा महिन्यांपासून दिवसातून अनेकदा छातीतून चेहऱ्याकडे गरम वाफ चढल्यासारखे वाटते, घाम फुटतो आणि थोड्याच वेळात थंडी वाजते. पाळीही अनियमित झाली आहे. हे रजोनिवृत्तीमुळेच असेल, की दुसरे काही कारण असू शकते?

उत्तर : आपले वर्णन, विशेषतः लाट ओसरल्यावर वाजणारी थंडी, रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळाशी पुष्कळ जुळते. शरीराचे तापमान मेंदूतील हायपोथॅलॅमस सांभाळतो; इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची पातळी खाली-वर होऊन घटू लागली की हा भाग इतका हळवा होतो, की तापमान जरासे वाढले तरी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. म्हणजे चटका खरा असतो, पण ताप नसतो. लाट आलेली असताना दोन-चार वेळा थर्मामीटर लावून आकडा तारखेसह लिहून ठेवावा. त्या नोंदीचा निदानाला मोठा उपयोग होतो.

तरीही केवळ वय पाहून निदान उरकण्याची सवय, जी आम्हा डॉक्टरांनाही असते, मला बरी वाटत नाही. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी उकाडा सोसत नाही आणि पाळीही बिघडते. मात्र त्यात उष्णता सहसा लाटांनी न येता दिवसभर राहते, भूक असूनही वजन घटते, हात थरथरतात आणि छातीत धडधडते. टीएसएच ही रक्तचाचणी करून घेतल्यास ही शंका बहुधा मिटते. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी हाच त्रास होतो. नैराश्यावरील काही औषधे, स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन, अम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या यांनीही घाम किंवा चेहऱ्यावर लाली येते, म्हणून औषध कधी सुरू झाले आणि त्रास कधी, हे ताडून पाहावे. पण गोळी परस्पर बंद करू नये.

पाळी चुकली असेल तर या वयातही गर्भधारणेची चाचणी करावी.

थर्मामीटर खरोखरच ताप दाखवत असेल, रात्री कपडे भिजवणारा घाम येत असेल, वजन उतरत असेल किंवा मानेत अथवा काखेत गाठ लागत असेल, तर क्षयरोग, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) यांसारख्या आजारांचा विचार करावा लागतो. अशा वेळी थांबू नये. पाळी सलग 12 महिने बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला, तर उष्णतेचा त्रास असो वा नसो, स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.