पाच जणांच्या घरासाठी बोर्ड गेम निवडताना रिव्ह्यू कसे वाचायचे आणि काय घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला इंदूरला, घरात आई, तुम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी. या सुट्टीसाठी दोन-तीन चांगले खेळ घ्यायचेत, कटान मनात आहे, मुलीला कोडी आवडतात, आईंना इंग्रजी वाचता येत नाही, आणि नेटवर ज्याला त्याला पाच तारे असल्यामुळे काहीच ठरत नाही.

तारे बाजूला ठेवा आणि आधी खोक्यावरचा खेळाडूंचा आकडा बघा. कटान ३ ते ४, अझूल २ ते ४, स्प्लेंडर २ ते ४. तिन्ही नावाजलेले आणि तिन्हींत तुमच्या घरातला एक जण बाहेर बसणार. तो कोण असेल हे तुम्हाला माहीत आहे: ‘तुम्ही खेळा, मी बघते’ म्हणणाऱ्या आई. तेव्हा रिव्ह्यू वाचताना पहिला प्रश्न हा, की लिहिणारा किती जणांत खेळला आणि किती वेळा? दोघांत खेळून लिहिलेला रिव्ह्यू पाच जणांच्या घराला फारसा कामाचा नाही. आपली पाळी फिरून यायला दोघांत एकाच माणसाची वाट बघावी लागते, पाचांत चौघांची. आठ वर्षांचं पोर तेवढ्यात उठून बाल्कनीत जातं. एकदाच खेळून लिहिलेल्यावरही विसंबू नका. पहिला डाव नियम शिकण्यातच जातो. पुढे गेलेला पुढेच राहतो, किंवा एकच चाल सारखी जिंकते, असे दोष दुसऱ्या-तिसऱ्या डावात दिसतात. खोक्यावर छापलेली वेळ खेळ येत असलेल्यांची असते, म्हणून पहिल्या डावाला दुप्पट धरून चाला.

बोर्डगेमगीक या साइटवर दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत आणि त्यांत क्रमवारी नाही, कारण तिथे मतं देणारे मुरलेले हौशी असतात आणि जड खेळ वर चढतात. एक म्हणजे १ ते ५ मध्ये दिलेलं ‘वजन’, म्हणजे खेळ डोक्याला किती जड आहे ते. तुमच्या घराला २ पर्यंत ठीक. कटान त्याच्या जरा वर आहे. दुसरी म्हणजे खेळाडूंच्या संख्येवर घेतलेली मतं. खोक्यावर ‘२ ते ५’ छापलेलं असतं आणि तिथे लोकांनी दोनाला किंवा पाचाला सरळ ‘नको’ म्हटलेलं असतं. शिवाय बहुतेक प्रकाशक नियमपुस्तिका फुकट उतरवून घेऊ देतात. पाळीत काय करायचं आणि खेळ कधी संपतो एवढं वाचा. पाळी दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर तो खेळ या सुट्टीत नको.

आता नावं. घरात मेंढीकोट खेळला जात असेल तर पहिला घ्या ‘द क्रू’. २०१९ चा, थॉमस झिंग यांचा. पत्ते ४०: चार रंगांत १ ते ९ आणि चार रॉकेटं. रॉकेट म्हणजे हुकूम. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा, नसेल तर काहीही. हे आईंना शिकवावंच लागत नाही. पाच जणांत प्रत्येकी ८ पत्ते. वेगळेपण असं की सगळे एका बाजूला. ‘निळा ४ असलेला हात अमक्यानेच घ्यायचा’ अशी कामं वाटून घ्यायची आणि ती सगळी पार पडली तर सगळे जिंकले. अशा ५० मोहिमा आहेत. पहिलीत एकच काम असतं, पुढे वाढत जातात.

यात घोळ कुठे होतो तेही सांगतो. बोलायला बंदी आहे. प्रत्येकाला मोहिमेत एकदाच एक पत्ता उघडा ठेवता येतो आणि त्यावर टिकली ठेवायची: वर ठेवली तर त्या रंगातला माझ्याकडचा सगळ्यात मोठा, खाली ठेवली तर सगळ्यात लहान, मध्ये ठेवली तर त्या रंगाचा हा एकच. रॉकेट असं दाखवता येत नाही. मेंढीकोटवाल्या घरांत डोळ्याने खुणावायची, खाकरायची सवय हाडीमासी मुरलेली असते. ती इथे चालू राहिली तर दहाव्या मोहिमेपर्यंत खेळात राम राहत नाही. दुसरी सवय मोठा पत्ता दिसला की हात ओढायची. इथे कित्येकदा हात मुद्दाम सोडायचा असतो, आणि हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर उमगतं. खोक्यावर वय १०+ आहे, त्यामुळे धाकट्याला पहिले काही दिवस कुणाबरोबर तरी जोडीने बसवा. पुस्तिकेतला इंग्रजी मजकूर एकाने वाचून सांगितला की पुरतं.

दुसरा टिकेट टू राइड, नकाशावर गावं जोडणारे रेल्वेमार्ग मिळवायचा खेळ; कोणती दोन गावं जोडायची ते तिकिटावर असतं. अॅलन मून यांचा, २००४ चा, २ ते ५ खेळाडू, वय ८+. पाळीत तीनपैकी एकच काम: पत्ते उचला, मार्गावर डबे मांडा किंवा नवी तिकिटं घ्या. रंगाचे संच जमवायचे म्हणजे रमीचाच हात. प्रत्येकाला ४५ डबे; कुणाकडे २ किंवा कमी उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी. डब्यांच्या संख्येवर गुण १, २, ४, ७, १०, १५ असे चढतात, म्हणजे सहा डब्यांचा एक मार्ग तीन-तीनच्या दोन मार्गांना सहज मागे टाकतो. नवखे लोक नेमके छोटे मार्ग भरत बसतात. हे पहिल्या डावाआधीच सांगून टाका, नाहीतर मोठ्यांना उगीच फायदा. गावांची नावं इंग्रजीत आहेत, पण तिकिटावर छोटा नकाशा छापलेला असतो, त्यामुळे न वाचताही जागा सापडते. मार्गांवर आणि पत्त्यांवर रंगाबरोबर चिन्हंही आहेत, पिवळ्या दिव्याखाली ती कामी येतात. एक फसगत टाळा: या खेळाचा भारताचा नकाशा वेगळा मिळतो आणि ‘भारत’ बघून लोक तोच मागवतात. ती पुरवणी आहे, त्यात डबे आणि पत्ते नसतात. शिवाय तो चौघांपर्यंतच.

अझूल मला या सगळ्यांत देखणा वाटतो आणि चौघांची अट असूनही तुमच्याकडे चालेल, आजी-नातू मिळून एक पाटी घेतली की झालं. रंगीत फरशा उचलून आपापल्या पाटीवरच्या ओळी भरायच्या. वाचायला काही नाही, हातात लपवायला काही नाही. १०० फरशा, पाच रंगांच्या २०-२०. पाच फरशांची एक आडवी ओळ भरली की खेळ संपतो आणि एका ओळीत फेरीला एकच फरशी बसते, म्हणून पाच फेऱ्यांच्या आत खेळ संपूच शकत नाही. खटकणारी गोष्ट गुणांची. पाटीवर एक बारीक काळा ठोकळा सरकवायचा असतो, सतरंजीवर कुणाचा गुडघा लागला की सगळ्यांचे गुण गेले. वहीत लिहा. आणि दोघांत खेळाल तर हा खेळ खुनशी होतो, नको असलेल्या फरशांचा ढीग समोरच्याच्या गळ्यात मारण्यावरच सगळं येतं. चौघांत तो खोडसाळपणा विभागला जातो.

कटानचं नाव तुम्ही घेतलंय. खेळ चांगला आहे, १९९५ पासून उगीच टिकलेला नाही, पण तुमच्या घराला आत्ता नको. पाच जण हे एक कारण, फासे हे दुसरं. फाशांची बेरीज ज्या आकड्याची येते, त्या आकड्याच्या जागेला लागून घर असलेल्यालाच मालाचा पत्ता मिळतो. दोन फाशांत ७ यायचे ३६ पैकी ६ प्रकार, ६ आणि ८ चे पाच-पाच, २ आणि १२ चा एकेकच. आकड्याच्या चकतीवर तेवढे ठिपके छापलेले असतात. नवखा माणूस सुरुवातीची दोन घरं नकाशावर छान दिसतात म्हणून ११, ३, १२ च्या कोपऱ्यात मांडतो आणि मग बराच वेळ हातात पत्ता येत नाही. खेळ सुरू होण्याआधीच हरलेला असतो. कधी खेळलातच तर घर मांडताना तीन चकत्यांचे ठिपके मोजा: १० च्या वर छान, ७ च्या खाली नको. पुस्तिकेत नवख्यांसाठी ठरावीक मांडणी दिलेली असते, पहिले दोन डाव तीच वापरा.

इंग्रजी शब्दांचे खेळ घेऊ नका, कोडनेम्ससुद्धा. तो दोन गटांत आपापल्या बाजूचे शब्द ओळखायचा खेळ, आणि तो घरी बनतो. पाच बाय पाच अशा शब्दांच्या २५ चिठ्ठ्या मांडा. दोन्ही बाजूंच्या सांगणाऱ्यांसाठी एकच गुप्त तक्ता करा, त्यात ९ घरं सुरुवात करणाऱ्यांची, ८ दुसऱ्यांची, ७ कुणाचीच नाहीत आणि १ घातकी, ते निवडलं की हार. सांगणाऱ्याने इशाऱ्याचा एक शब्द आणि तो किती चिठ्ठ्यांना लागू आहे तो आकडा एवढंच बोलायचं. गंमत शब्दांच्या निवडीत आहे: पान, घाट, माळ, तार, कळ, कर, वार असे अनेक अर्थांचे घ्या. ‘खुर्ची’, ‘टेबल’ भरलेत तर खेळ सपाट होतो. तिघं विरुद्ध दोघं चालतं, आणि यात आई बहुधा सगळ्यांना भारी पडतील.

मालाबद्दल थोडं. या खेळांच्या नकली प्रती सर्रास विकल्या जातात. किंमत इतर दुकानांच्या निम्म्याने असेल, छपाई धूसर असेल, पत्त्यांच्या पाठीचा रंग एकसारखा नसेल, पुठ्ठ्याचे तुकडे उलगडताना कागद सोलला जात असेल तर परत करा. पाठीतला फरक सगळ्यात वाईट, कारण पत्ता उलटा असूनही ओळखता येतो. खेळता खेळता शेव खाणार नाही असं इंदूरचं घर मला माहीत नाही, म्हणून पत्त्यांना पारदर्शक स्लीव्ह चढवा. पत्ता आधी पट्टीने मोजा: नेहमीचा ६३ × ८८ मिलिमीटर, पण बऱ्याच खेळांत लहान असतो. पावसाळ्यात बोर्ड वाकतो, कारण कागदाचा एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त ओल धरतो. उलट्या बाजूला हलका बाक देऊन दोन-तीन दिवस जाड पुस्तकांखाली ठेवला की बहुतेक वेळा सरळ होतो. ओल्या फडक्याने पुसू नका.

मुलीसाठी रश आवर घ्या: ६ × ६ ची चौकट, गाड्या सरकवून लाल गाडी बाहेर काढायची, सोप्यापासून अवघड अशी ४० कोडी. सुटलेलं कोडं पुन्हा तितकं रुचत नाही, पण मग धाकटा आहेच. एक्झिट मालिकेतले, कोडी सोडवून बंद जागेतून सुटायचे खेळ एकदाच खेळता येतात, त्यात पत्ते कापावे-दुमडावे लागतात आणि इंग्रजी भरपूर असतं. ते सध्या राहू द्या.

रुबिक क्यूब घरात असेल आणि सगळा जुळून फक्त एक कोपरा जागच्या जागी फिरलेला राहत असेल, तर मुलीची पद्धत चुकलेली नाही. तो कोपरा पडल्यामुळे किंवा ओढाताणीत वळलेला आहे आणि कितीही फिरवला तरी नियमाने सुटणार नाही. बोटाने तोच कोपरा वळवून घ्या.

हजार तुकड्यांचं जिगसॉ घेणार असाल तर पूर्ण चित्र साधारण ७० × ५० सेंटीमीटरचं होतं. ८० × ६० चा प्लायचा तुकडा घ्या, म्हणजे रात्री पलंगाखाली सरकवता येईल. आधी कडेचे तुकडे वेगळे काढून मोजा. ४० × २५ ची मांडणी असेल तर ते १२६ भरतात. काही खोक्यांत ३८ × २७, म्हणजे १०२६ तुकडे असतात, तिथेही कडेचे १२६ च. १२५ भरले तर उरलेल्या ढिगात आणि पिशवीच्या शिवणीत शोधा, आणि तरी नाही सापडला तर बिल जपून ठेवून दुकानदाराला त्याच आठवड्यात सांगा. चित्र अर्धं जोडल्यावर कुणी बदलून देत नाही.