लॅक्स्टन: बांध नसलेल्या शेतांचे गाव

आपण विचारले आहे की इंग्लंडमधील एखाद्या लहान खेड्याचा इतिहास नेमका कसा असतो आणि तिथल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात त्याचे काही उरले आहे का. सर्व खेड्यांविषयी सरसकट लिहिण्यापेक्षा मला थोडेफार परिचित असलेल्या एकाच गावाविषयी लिहितो. नोकरीनिमित्त नॉटिंगहॅममध्ये राहत असताना मी नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या गावी चार-पाच वेळा गेलो. न्यूअर्क आणि ऑलर्टन या गावांच्या दरम्यान ते आहे. दिनदर्शिकेवर दिसणारी गवताने शाकारलेली घरे तिथे शोधू नयेत. लाल विटांच्या भिंती, कौलारू छपरे आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टरने आणलेला चिखल असे त्याचे साधे रूप आहे.

या गावाचे वेगळेपण घरांत नसून शेतांत आहे. मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात शेतीची जी पद्धत होती, ती आज चालू स्थितीत पाहायची असेल तर लॅक्स्टनलाच जावे लागते. गावाभोवती वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन विस्तीर्ण शेते आहेत. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत विभागलेले असून एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुंपण नाही आणि आपल्याकडे असतो तसा बांधही नाही. नांगराची सरी हीच हद्द. आपल्याकडे वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडतात, तसा हा प्रकार नाही. इथे विखुरलेपण हाच पद्धतीचा पाया होता. भारी चिकण जमीन, उताराची जमीन, पाणी साचणारी जमीन या सर्वांत प्रत्येकाला थोडा थोडा वाटा मिळे आणि एखाद्या वर्षी एका बाजूचे पीक गेले तरी घर पूर्णपणे बुडत नसे.

फेरपालट तीन वर्षांची असते. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे जव किंवा घेवड्यासारखे पीक, आणि तिसरे मूळ पद्धतीत पडीक. पुढच्या वर्षी क्रम एका घराने सरकतो. पूर्वी पडीक शेतात आणि कापणीनंतरच्या धसकटांत गावाची गुरे-मेंढरे एकत्र चरत असत. त्यामुळे कोणी मनाला येईल तेव्हा मनाला येईल ते पेरावे हे शक्यच नव्हते, कारण एकाचे उभे पीक म्हणजे सगळ्यांच्या गुरांची अडचण. चुकार जनावर कोंडण्यासाठी गावात कोंडवाडा होता आणि त्याची जागा आजही दाखवली जाते. आता तिसऱ्या शेतात जनावरांसाठी गवत किंवा चारा घेतात, परंतु तीन शेतांचा क्रम मोडलेला नाही.

गावाचा लेखी उल्लेख 1086 च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करून घेतलेल्या इंग्लंडमधील जमिनींच्या नोंदणीत, आहे. बाराव्या शतकात इथे मातीच्या टेकाडावरचा किल्ला उभा राहिला. नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायरमधील राजाच्या राखीव जंगलाची देखरेख करणाऱ्या घराण्याचे ते ठाणे होते. आज तिथे गवताळ टेकाडाखेरीज काही दिसत नाही, आणि महाराष्ट्रातील गड पाहिलेल्या माणसाला त्याला किल्ला म्हणणे थोडे जड जाते. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातील एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधिमूर्ती आहेत. त्यांतील एका स्त्रीची मूर्ती दगडाची नसून ओक लाकडात कोरलेली आहे.

परंतु या गावाचा खरा दस्तऐवज म्हणजे 1635 चा नकाशा. लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टेन याने हे गाव विकत घेतले होते आणि आपण नेमके काय घेतले हे कळावे म्हणून मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून त्याने प्रत्येक पट्टा मोजून घेतला. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात नांगरणारे, कापणी करणारे, शिकारीला निघालेले लोक चिमुकल्या आकृतींनी रंगवलेले आहेत, आणि सोबतच्या नोंदवहीत कोणता पट्टा कोणाकडे होता हे लिहिलेले आहे. एका खेड्याचे असे चित्र चारशे वर्षांनंतर हाती असणे ही मोठीच गोष्ट आहे. हे खेडे अभ्यासकांना इतके प्रिय का, याचे अर्धे उत्तर मला वाटते या नकाशातच आहे.

मग बाकीच्या गावांत ही पद्धत का उरली नाही? 1604 ते 1914 या काळात संसदेने खुल्या व सामाईक जमिनींना कुंपण घालण्याचे 5200 हून अधिक कायदे केले आणि त्यांखाली सुमारे 68 लाख एकर जमीन आली. विखुरलेले पट्टे एकत्र करून सलग शेते झाली, सामाईक गायराने गेली आणि अनेक शेतकऱ्यांनी गाव सोडून आपापल्या शेतात घरे बांधली. लॅक्स्टनमध्येही काही जमीन कुंपणात गेली आणि पूर्वीचे चौथे शेत नाहीसे झाले. उरलेले टिकले ते गावकऱ्यांच्या परंपराप्रेमामुळे, असे सांगण्याचा मोह होतो. मला मात्र ते तितकेसे खरे वाटत नाही. जमीन दोन सरदार घराण्यांत वाटलेली होती, त्यांच्यात देवघेव जमेना, खर्च वाढत होता, आणि कुंपण घालण्याचे काम लांबत लांबत शेतीत मंदी आली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदार मॅन्व्हर्स घराण्याने पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवली, म्हणजे आजचे पट्टे मध्ययुगातील पट्ट्यांपेक्षा बरेच मोठे आहेत. 1952 मध्ये या घराण्याने गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकले, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या नावावरील मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेले आणि 2020 मध्ये मॅन्व्हर्सच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटकडे परत आले. शेतकरी या सर्व काळात कुळे म्हणून खंड भरत राहिले.

रोजच्या जीवनाविषयी सांगायचे तर पहिली गोष्ट घरांची. जमीन चहूकडे विखुरलेली असल्याने शेतात राहायला जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून शेतकऱ्यांची घरे अजून गावाच्या मुख्य रस्त्यावरच आहेत. कित्येक घरांची फक्त बाजूची भिंत रस्त्याकडे असते आणि मागे अंगण, गोठे व अरुंद लांब परसू. त्यामुळे सकाळी शेतावर जाणारे प्रत्येक यंत्र गावातूनच जाते. अर्थात आजचे सर्व रहिवासी शेतकरी नाहीत. बरेच जण आसपासच्या शहरांत कामाला जातात.

दुसरी गोष्ट गावच्या न्यायसभेची, जिला कोर्ट लीट म्हणतात. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी बारा पंच ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये बसून त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतावर जातात. कोणी शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा सामाईक वाटेवर नांगर घातला आहे का ते पाहतात आणि शंका असेल तिथे खुंट्या ठोकतात. बांध कोरणे हा आपल्या परिचयाचा उद्योग बांध नसलेल्या गावातही चालतो, हे पाहून मला गंमत वाटली. आठवडाभराने डव्हकोट इन या गावच्या पबमध्ये सभा भरते, दोषींना दंड होतो आणि पुढील वर्षाचे पंच शपथ घेतात. दंडाची रक्कम किरकोळ असते, पण गावासमोर नाव वाचले जाणे किरकोळ नसते. 1977 च्या कायद्याने इंग्लंडमधील अशा जुन्या सभांचे न्यायाधिकार काढून घेतले तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद करण्यात आला, म्हणून ही सभा केवळ हौसेचा कार्यक्रम नाही.

शेतांमधल्या सखल, ओलसर भागांत न नांगरलेल्या गवताच्या पट्ट्या आहेत. त्यांना साइक म्हणतात. दर उन्हाळ्यात त्यांच्या गवताचा लिलाव होतो. शतकानुशतके नांगर न लागल्याने तिथे रानफुलांच्या अशा जाती टिकल्या आहेत की सरकारने त्या भागाला शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून संरक्षण दिले आहे.

आपण कधी तिकडे जाणार असाल तर फुलांसाठी जून महिना चांगला. पबशेजारी माहिती केंद्र आहे आणि तिथून शेतांतील पायवाटा निघतात. पंचांची फेरी पाहायची असेल तर नोव्हेंबरअखेर जावे, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत, आणि त्या दुपारी डव्हकोट इनमध्ये जेवायला जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.